पुढच्या बोटीला सांग

दसरा झाला आणि आमच्या बोयसरच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर सकाळी सकाळी निरोप आला : ‘कुणाच्या तरी गॅलरीतून उग्र वास येत आहे. संबंधितांनी दखल घ्यावी.’ खाली जोडलेले दोन हात. संबंधित म्हणजे मी. आदल्या दिवशी माहेराहून आणलेले बोंबील नीट वाळले नव्हते, म्हणून गॅलरीत दोरी बांधून त्यावर टाकले होते. निरोप लिहिणाऱ्या बाई माझ्या बरोब्बर वरच्या घरात राहतात. त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मला मोजता येतात, माझा मिक्सर त्यांना ऐकू जातो. वास कुणाकडून येतोय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि निरोप कुणाला आहे हे मला. तरी सगळ्या बिल्डिंगला वळसा घालून तो माझ्याकडे आला. मीही ‘क्षमस्व’ लिहून दोन हात जोडले, बोंबील आत घेतले आणि खिडक्या लावून टाकल्या.

मग काय, सगळा वास माझ्या एकटीच्या वाट्याला आला. चहा घेऊन मी त्यातच बसले. नवरा कंपनीत गेलेला, मुलगा कॉलेजात. आणि बसल्या बसल्या मला आमच्या मच्छीमार सोसायटीची खोली आठवली, तिथला वायरलेस सेट आठवला, आणि तो एक हंगाम.

घिवलीच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी माझं माहेर. पाऊस उघडला की किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्या उभ्या राहतात. बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्या बोंबलाचा जबडा अडकवायचा, जोडी करायची आणि ती वलांडीच्या दोरीवर टाकायची. बायकांच्या हातांना हे काम इतकं सवयीचं की तोंडानं भांडण चाललेलं असतं आणि हात आपले जोड्या लावत असतात. दोन दिवसांत सगळा किनारा पांढरा होतो. मागे दर्या, एका बाजूला वीजकेंद्राच्या इमारती, पायाखाली तापलेली वाळू आणि अंगावर गार वारा. कुणी दिवाळी म्हटलं की मला उटण्याच्या आधी हाच वास येतो. हे मी सासरी अजून कबूल केलेलं नाही.

त्या वर्षी मी बी.ए. होऊन घरी बसले होते आणि माझ्यासाठी स्थळं बघणं चाललं होतं. बाबा सोसायटीचा सेट सांभाळायचे. ऐन हंगामात ते बंदराच्या पायरीवरून घसरले, पाय मोडला, आणि सेटवर मी जाऊन बसले. मोबाइल तेव्हा गावात आले होते, पण ते किनाऱ्यापुरते. बोट थोडी आत गेली की मोबाइल म्हणजे नुसता खिशातला दगड. आत चार-चार, पाच-पाच दिवस राहणाऱ्या माणसांना घर ऐकू यायचं ते फक्त या सेटवरून, संध्याकाळी पाच वाजता.

खोली बर्फाच्या कारखान्याला लागून होती, त्यामुळे एक भिंत कायम ओली. टेबलावर काळा सेट, त्याला पिळाच्या वायरीनं जोडलेला माईक, माईकच्या कुशीत बटण. बटण दाबलं की आपण बोलायचं, सोडलं की ऐकायचं. दोन्ही एकदम होत नाही. आणि एकजण बटण दाबून असला की बाकी सगळ्यांनी गप्प बसायचं, दुसरा इलाजच नाही. टीव्हीवरच्या चर्चांना हे यंत्र का लावत नाहीत, असं मला पुष्कळदा वाटतं.

या सेटवर खासगी असं काही नव्हतं. चॅनल एकच, ऐकणाऱ्या बोटी बावीस, आणि खोलीच्या दारात बसलेल्या बायका वेगळ्याच. मला बघायला पाहुणे येऊन गेले की दुसऱ्या दिवशी भर समुद्रातून आवाज यायचा, “मंदा, कालचा पावणा कसा होता गो? ओवर.” हा पांडू. ‘दर्यासागर’ बोटीचा तांडेल, म्हणजे कप्तान; घोगरा आवाज, जीभ एक नंबरची वाह्यात. मी चिडून बटण दाबायचेच नाही, तर तो म्हणायचा, “नाय बोलत म्हंजे पसंत हाय. ओवर.” बावीस बोटी हसायच्या. ते हसणं ऐकू यायचं नाही, पण असायचं नक्की.

आमचा सेट फार लांब पोचायचा नाही. लांबच्या बोटींचं बोलणं मधल्या बोटीनं पुढे सांगायचं, अशी रीत होती. आणि या सांगण्याचा एक नियम होता. ऐकलं तसंच सांगायचं. ‘तुझी बायको म्हणते’ असं नाही. बायकोनं ‘मी’ म्हटलं असेल तर पुढच्यानं पण ‘मी’च म्हणायचं. ‘म्हणते’ लावलं की माणूस त्यात आपलं काहीतरी घालतो, असं बाबा सांगायचे. त्यामुळे पांडूच्या घोगऱ्या आवाजात कितीदा तरी ऐकलंय, “माझी कंबर धरली हाय. येताना मलम आण. आणि मी भावाकडं जाणार हाय, जेवणाचं तुझं तू बघ. ओवर.” दारातल्या बायका पदर तोंडात कोंबायच्या. पण निरोप पोचायचा, आणि तिचा तिच्याच शब्दांत पोचायचा.

आज माझ्या फोनवर दिवसाला पन्नास गोष्टी येतात आणि त्यातल्या चाळीस तरी मी पुढे ढकलते. बाणावर बोट ठेवायचं, नावं निवडायची, गेलं. कुणाच्या आजाराची बातमी, कुणाचा हरवलेला मुलगा, कुठल्या तरी पाल्याचा काढा. त्यातलं एक वाक्यसुद्धा माझ्या जिभेवरून गेलेलं नसतं. फोनला मी नावं ठेवणार नाही. माझी म्हातारी आई रोज माझा चेहरा बघून जेवते, ती याच फोनमुळे. पण दुसऱ्याचा निरोप तोंडानं सांगायचा म्हणजे तो आधी आपल्याला पेलावा लागतो. पांडूनं ज्या संध्याकाळी तो पेलला, ती संध्याकाळ मी विसरणार नाही.

आमच्या शेजारच्या घरात जानकीकाकी आणि हरीकाका. हरीकाका ‘जयलक्ष्मी’चा तांडेल. दर्यावर सगळ्यात लांब जाणारी बोट त्याची, आणि गावात सगळ्यात बोलका माणूसही तोच. फेरीवरून आला की पाय धुता धुता बोलायला लागायचा, ते जेवण होईपर्यंत. कुठल्या बोटीचं जाळं कुठल्या खडकाला अडकलं, कुठे डॉल्फिन दिसले, कुणाच्या खलाशानं भातात दोनदा मीठ घातलं. काकी मध्ये मध्ये “मग?” म्हणायची. आमच्या भिंतीतून आम्हाला ते सगळं फुकटात ऐकायला मिळायचं.

मग त्यांच्या वैशूनं बोयसरच्या एका कंपनीत काम करणाऱ्या सांगलीकडच्या मुलाशी लग्न केलं. घरी न सांगता. मुलगा सरळ होता, पण मासळी न खाणारा, आणि काकाला ते सगळं गावातल्या लोकांकडून कळलं, हे मुख्य दुखणं. “या घरात तिचं नाव घ्यायचं नाय,” एवढं बोलून काका जो गप्प झाला तो झालाच. मुलीचं नाव बंद झालं आणि त्याच्याबरोबर बाकीचं बोलणंही. दोन वर्षं भिंतीपलीकडून फक्त ताटाचा आवाज यायचा.

काकी मात्र रोज पाचला सोसायटीत येऊन बसायची. बायका आपापले निरोप द्यायच्या, तिनं कधी दिला नाही. पांडूच्या बोटीकडून ‘जयलक्ष्मी’ची खबर यायची, मासळी बरी, खलाशी बरे. मी ते मोठ्यानं वाचत वहीत लिहून घ्यायचे. तेवढं ऐकून ती उठायची. मला वाटायचं, सवयीनं येत असेल.

त्या दिवशी भरती उशिरा होती, मासळी उशिरा किनाऱ्याला लागली आणि बायका सगळ्या वलांड्यांवर अडकल्या होत्या. मला हवामानाचा कागद वाचायचा होता, आणि तो चांगला दोन पानी होता. बटण जुनं, कडक झालेलं. माझा अंगठा आधीच बोंबलाच्या दातांनी सोलवटलेला. म्हणून मी एक युक्ती केली. पावत्यांच्या गठ्ठ्याचं रबर काढलं आणि बटण दाबून माईकला गुंडाळून टाकलं. आता आरामात दोन्ही हातांत कागद धरता येत होता. सगळं वाचलं, ‘ओवर’ म्हटलं, माईक टेबलावर ठेवला. रबर काढायचं राहिलं. बटण दाबलेलं असेपर्यंत सेटवर लाल दिवा जळतो, तो जळत होता, पण त्याच्यासमोर मीच पाण्याची बाटली ठेवली होती. पलीकडून कुणी काही बोलेना. मी म्हटलं, जाळी ओढत असतील.

तेवढ्यात काकी आली. हात खवल्यांनी चमकत होते. खोलीत मी एकटी हे बघून ती बाकावर टेकली.

“मंदा, तुला एक सांगते. कुणाला बोलू नको,” ती म्हणाली.

मी कुणाला बोलायची गरजच उरली नव्हती, हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं.

“वैशूला पोरगी झाली गो. दीड महिना झाला. कान बघायला पायजेत तू. सगळे बापसाचे हायत, वैशूच्या बापसाचे. मी दर गुरवारी जाते. मनोरच्या बाजाराला जाते म्हणून सांगते नि बोयसरला उतरते. दोन वरसं खोटं बोलतेय मी.”

“काकाला सांग ना मग,” मी म्हटलं. तेव्हा माझं वय असं सोपं बोलण्याचंच होतं.

“कसं सांगू? वैशू बारसं करत नाय. बोलते, बाबा येतील तवा नाव ठेवीन, तवर बाळ नुसतं बाळ. आता मी सांगितलं नि तो नाय आला तर? मग सगळंच संपलं. अजून बोलले नाय म्हणून आशा तरी हाय.” तिनं खवलेवाला हात लुगड्याला पुसला. “आणि त्याचं बोलणं मला आठवतं गो. घरात हाय माणूस, नि मला त्याची आठवण येते. आता जेवतो नि भिंतीकडं तोंड करून निजतो. म्हणून इथं येते. तू वाचतेस ना, मासळी बरी, खलाशी बरे. तेवढं त्याच्या तोंडचं समजते नि घरी जाते.”

मी तिला पाणी द्यायला बाटली उचलली, आणि मागचा लाल दिवा मला दिसला.

मी रबर कसं तोडलं ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की ते तुटून माझ्या मनगटावर सपकन लागलं आणि सेटची खरखर एकदम खोलीत आली. सहा-सात मिनिटं मी सगळ्या बोटींची तोंडं बांधून ठेवली होती. त्या वेळात कुणी संकटात असतं तर? बाबांनी नंतर मला जे सुनावलं त्यातला शब्द न् शब्द रास्त होता. पण त्या क्षणी मला भीती वाटली ती काकीची. “काकी, बटण चालू होतं,” मी कशीबशी म्हटलं. तिला पटकन कळलं नाही. मग कळलं. ती बसल्या जागी इतकी लहान झाली की मला तिच्याकडे बघवेना.

आता सुरुवात होईल असं मला वाटलं. बटण चुकून दाबलं गेलं की सगळे तांडेल तुटून पडायचे; शिव्या, मस्करी, सगळं एकदम. मी वाट बघत होते. सेट नुसता खरखरत होता. बावीस बोटींपैकी एकानंही बटण दाबलं नाही. इतकी मोकळी लाईन मी त्या अख्ख्या हंगामात ऐकली नव्हती. हल्ली ग्रुपवर कुणी वडील गेल्याचं लिहिलं तर पुरतं वाचून व्हायच्या आधी खाली चाळीस हात जोडले जातात. मला दर वेळी ती लाईन आठवते. ती माणसं मुद्दाम थांबली होती, आणि थांबून त्यांनी काकीला जे दिलं त्याला माझ्या फोनवर चिन्ह नाही.

खूप वेळानं पांडूचा आवाज आला. घोगराच, पण खालचा.

“मंदा, काकी हाय का तिथं? ओवर.”

“हाय,” मी म्हटलं.

“काकी, आमी समद्यांनी ऐकलं. चुकून ऐकलं. हरीकाका लांब हाय, त्याच्यापत्तूर नाय पोचलं. तू म्हणशील तर आमी कुणीच कायबी नाय ऐकलं. कुठं वाच्यता व्हनार नाय, ही माझी जबान. आणि पुढं सांगायचं तर मी सांगतो. तू बोल. ओवर.”

ती वाट तिच्यासाठी उघडी होती. नको म्हणायचं, उठायचं, उद्या पुन्हा पाचला यायचं. मी माईक तिच्यापुढे धरला. काकीनं आधी माझ्याकडे बघितलं, मग माईककडे. तिनं तो उलटाच धरला. मी सरळ करून दिला. तिच्या अंगठ्याला बटण दाबवेना, म्हणून मी तिच्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवून दाबलं.

“सांग,” ती म्हणाली. “समदं सांग.”

मग पांडूनं सांगितलं. हरीकाकाचं आम्हाला काही ऐकू येणार नव्हतं, पण पांडूचं ऐकू येत होतं. “जयलक्ष्मी, जयलक्ष्मी, घरचा निरोप हाय. ओवर.” जरा थांबून, “वैशूला पोरगी झाली. दीड महिना झाला. कान सगळे बापसाचे हायत, वैशूच्या बापसाचे. मी दर गुरवारी जाते. मनोरच्या बाजाराला जाते म्हणून सांगते नि बोयसरला उतरते. दोन वरसं खोटं बोलतेय मी.” एवढा मोठा दाढीवाला गडी, ज्यानं माझ्या प्रत्येक पाहुण्याची टर उडवली होती, तो एकेक वाक्य आठवून, तपासून, जसंच्या तसं ठेवत होता. ‘म्हणते’ त्यानं एकदाही लावलं नाही. “वैशू बारसं करत नाय. बाबा येतील तवा नाव ठेवीन, तवर बाळ नुसतं बाळ. घरात हाय माणूस, नि मला त्याची आठवण येते.” इथं तो अडखळला. खोकला. परत पहिल्यापासून म्हणाला, “घरात हाय माणूस, नि मला त्याची आठवण येते. म्हणून सोसायटीत येते. मासळी बरी, खलाशी बरे, तेवढं त्याच्या तोंडचं समजते नि घरी जाते. ओवर.”

काकी डोळे मिटून बसली होती. स्वतःचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना माणसाला कसं वाटत असेल, मला माहीत नाही. दोन वर्षांत तिनं जे स्वतःशीसुद्धा मोठ्यानं म्हटलं नव्हतं, ते पांडू भर दर्यात म्हणत होता. वलांड्यांवरच्या बायका एव्हाना दारात येऊन उभ्या होत्या.

सेट खरखरत राहिला. बर्फाच्या कारखान्यात लादी फोडल्याचा आवाज झाला आणि मी दचकले. काकीनं माझा हात धरला होता, खवल्यांसकट, आणि मी सारखी घड्याळाकडे बघत होते. मिनिटकाटा फार सरकला नसेल. मला मात्र तेवढ्यात वाटून गेलं की आपण एका रबरापायी या बाईची उरलीसुरली आशा घालवली.

“मंदा,” पांडूचा आवाज आला. “काकीला सांग… थांब, काकी ऐकतेय ना? काकी, हरीकाका काय बोलत नाय. ओवर.”

काकीची पकड सैल झाली.

“नाय, तसं नाय,” पांडू घाईघाईनं म्हणाला. ओवर म्हटल्यावर पुन्हा स्वतःच बोलायचं नसतं, हे तो विसरला होता. “बटण दाबतोय तो. दाबतोय नि सोडतोय. पाच वेळा दाबलं. बोलायला जातोय नि बोलवत नाय त्याला. मागं मशीन ऐकू येतंय नुसतं, नि त्याचा श्वास. काकी, हे कसं सांगू मी पुढं? ओवर.”

या खेपेला काकीला माझ्या अंगठ्याची गरज लागली नाही.

“नको सांगू, पांडू,” ती म्हणाली. “कळलं मला.”

माईक माझ्या हातात देऊन ती उभी राहिली. पदरानं चेहरा पुसला, त्याला दोन-चार खवले चिकटले, ते तसेच राहिले. त्या दिवशी मंगळवार होता. दारातल्या बायकांनी तिला वाट करून दिली, आणि त्या सगळ्यांच्या देखत, चांगल्या खणखणीत आवाजात तिनं मला विचारलं, “बोयसरची सहाची बस गेली का गो?”